कमी बजेटमध्ये गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड: नावापेक्षा आधी स्क्रीन बघा

"एवढं बजेट आहे, कोणतं कार्ड घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी मॉनिटर कोणता आहे ते विचारतो. समोरचा बहुतेकदा वैतागतो, कारण दोन-तीन कार्डांची नावं त्याने आधीच पक्की केलेली असतात आणि त्याला फक्त निकाल हवा असतो. पण कार्डाचं काम काय, तर ठरावीक आकाराचं चित्र सेकंदाला ठरावीक वेळा काढून देणं. चित्र केवढं आणि किती वेळा, हे मॉनिटर सांगतो. म्हणून पैसे मोजके असताना कार्डाचं नाव सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी स्क्रीन, मग आपलं मशीन, मग मेमरी, आणि त्यानंतर किमती.

पायरी १: स्क्रीन आणि गेमची यादी

१०८०पी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. १४४०पीवर ते ३६.९ लाख होतात आणि फोर-केवर ८२.९ लाख, म्हणजे १०८०पीच्या बरोबर चौपट. कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे एकेका चित्रात, हे सगळे पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) रंगवायचे असतात. कमी बजेट आणि फोर-के यांचं काही जमत नाही, त्यामुळे तो विषय इथेच सोडू.

दुसरा आकडा रिफ्रेश रेटचा, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याचा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरसाठी कार्डाला एक फ्रेम काढायला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झसाठी जेमतेम ६.९. नेमबाजीचे ऑनलाइन गेम खेळणाऱ्याला हा फरक हाताला जाणवतो. कथा असलेले, निवांत खेळायचे गेम ६०ला छान चालतात. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर १४० फ्रेम काढणारं कार्ड लावलं तर माउसचा प्रतिसाद थोडा चपळ होतो, बाकी ते जास्तीचे फ्रेम तुम्हाला दिसतच नाहीत.

मॉनिटरवर फ्रीसिंक, ही एएमडी कंपनीची सोय, लिहिलेली आहे का, तेही बघून घ्या. कार्डाकडून फ्रेम जशा येतील तसा मॉनिटर आपला वेग बदलतो, आणि त्यामुळे ५०-५५ फ्रेमसुद्धा अडखळत नाहीत. जानेवारी २०१९पासून एनव्हिडियाची कार्डंही बहुतेक फ्रीसिंक मॉनिटरवर ही सोय देतात. साध्या कार्डाला सगळ्यात मोठी मदत इथून मिळते, असं माझं मत आहे.

आता कागदावर चार-पाच गेमची नावं लिहा: आज खेळता ते, आणि नक्की खेळणार आहात ते. "कधीतरी खेळीन" या सदरातले गेम यादीत घेऊ नका. बजेट त्यांच्यापायीच फुगतं.

पायरी २: जुनं मशीन किती झेपवेल

कार्ड चित्र काढतं, पण कोणतं पात्र कुठे आहे, गोळी कुणाला लागली, हा सगळा हिशोब प्रोसेसर करतो. प्रोसेसर सेकंदाला ७० फ्रेमचाच हिशोब देऊ शकत असेल तर कितीही महाग कार्ड लावा, ७१वी फ्रेम येणार नाही.

तुमच्याकडे आधीच एखादं कार्ड असेल तर ही तपासणी फुकटात होते. नेहमीचा गेम सुरू करा, एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रॅमने फ्रेमचा आकडा स्क्रीनवर आणा, आणि रिझोल्यूशन व ग्राफिक्स अगदी खालच्या पातळीवर न्या. फ्रेम भराभर वाढल्या तर अडचण कार्डाची आहे आणि नवीन कार्डाचा उपयोग होईल. आकडा जागचा हलला नाही तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची आहे. रॅमची एकच पट्टी लावलेली असेल तर तिच्या जोडीची दुसरी लावून बघा. दोन पट्ट्यांनी डेटाचा मार्ग दुप्पट रुंद होतो आणि कार्डाच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो. जुन्या चार कोअरच्या प्रोसेसरवर महाग कार्ड चढवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

यानंतर पॉवर सप्लाय, म्हणजे आपला एसएमपीएस. हिशोब सोपा आहे. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॉट देतो, ६ पिनची वायर आणखी ७५ आणि ८ पिनची १५०. आरटीएक्स ४०६०ला ११५ वॉट लागतात, आरएक्स ७६००ला १६५, इंटेल आर्क बी५८०ला १९० (आरटीएक्स, जीटीएक्स, जीटी ही एनव्हिडियाची नावं, आरएक्स हे एएमडीचं). मध्यम प्रोसेसरच्या जोडीला असं एखादं कार्ड असेल तर चांगल्या प्रतीचा ५५० वॉटचा सप्लाय पुरतो. 'चांगल्या प्रतीचा' हे महत्त्वाचं. ८० प्लसचा बिल्ला फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. आतले भाग कसे आहेत यावर तो काही बोलत नाही. लेबलवर १२ व्होल्टच्या रेषेला किती वॉट आहेत ते वाचा. खोक्यावर ५०० आणि १२ व्होल्टला जेमतेम ३५०, असले सप्लाय मुबलक सापडतात.

ऑफिसातून निघालेल्या ब्रँडेड मशीनमध्ये बहुतेकदा ६ किंवा ८ पिनची वायरच नसते, आणि सप्लायचा आकारही कंपनीचा स्वतःचा असल्यामुळे तो बदलता येत नाही. मग साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या वायरीवरून ६ पिन करून देणारा अडॅप्टर शोधला जातो. तो वापरू नका. साटाच्या जोडणीची १२ व्होल्टवरची मर्यादा ५४ वॉट आहे. त्यावर ७५ ओढले की प्लास्टिक वितळू शकतं. अशा मशीनसाठी आरटीएक्स ३०५०ची ६ जीबीची आवृत्ती बघा. ती ७० वॉटवर चालते आणि स्लॉटमधूनच वीज घेते. कॅबिनेट अरुंद असेल तर तिची बुटकी, म्हणजे लो-प्रोफाइल मॉडेलही मिळतात.

कॅबिनेटमध्ये टेप धरून लांबी मिलिमीटरमध्ये मोजा, समोरच्या पंख्यांची जागा त्यातून वजा करा, आणि कार्ड दोन स्लॉट जाड आहे की अडीच ते बघा. हे काम दोन मिनिटांचं आहे.

शेवटची तपासणी स्लॉटची. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड दिसायला पूर्ण लांबीच्या स्लॉटमध्ये बसतं, पण त्याच्या फक्त चार लेन, म्हणजे डेटा जाण्यायेण्याच्या वाटा, जोडलेल्या असतात. पीसीआय एक्स्प्रेस ३.० (कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी) असलेल्या जुन्या बोर्डवर त्याला सेकंदाला सुमारे ४ जीबीचाच रस्ता मिळतो, आणि मेमरीही ४च जीबी असल्यामुळे तो रस्ता सारखा तुंबतो. म्हणजे जुन्या मशीनवाल्याला परवडणारं कार्ड जुन्या मशीनमध्येच सगळ्यात वाईट चालतं. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० आठ लेनची आहेत. जुन्या बोर्डवर त्यांचं नुकसान सहसा थोडं होतं. इंटेलच्या आर्क कार्डांना मात्र रिसाइजेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू असावीच लागते. ती नसेल तर आर्कचा विचार सोडा. ती असली तरी बी५८० जुन्या मध्यम प्रोसेसरबरोबर बरंच मागे पडतं, असं चाचण्यांत दिसलं आहे.

पायरी ३: मेमरी

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण खोक्यावरचा हाच आकडा सगळे वाचतात आणि त्याचा अर्थ चुकीचा लावतात.

कार्डाची स्वतःची मेमरी, म्हणजे व्ही-रॅम, वेग वाढवत नाही. ती पुरते तोवर तिचं अस्तित्व जाणवत नाही. ती संपली की गेमचा डेटा मदरबोर्डवरच्या रॅममध्ये ठेवावा लागतो आणि दर वेळी पीसीआय एक्स्प्रेसच्या अरुंद वाटेने आणावा लागतो. मग वळण घेतलं की गेम क्षणभर गोठतो, दार उघडलं की झटका बसतो. काही गेम झटके देत नाहीत. गुपचूप भिंतींचे, चेहऱ्यांचे टेक्सचर, म्हणजे पृष्ठभागावरची चित्रं, पुसट करून टाकतात. सरासरी फ्रेमचा आकडा दोन्ही वेळी बरा दिसतो. म्हणूनच चाचण्या वाचताना सरासरीच्या शेजारी असलेला 'एक टक्का लो'चा आकडा बघायचा: सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमवेळी वेग किती होता ते तो सांगतो. सरासरी ८० आणि लो २५ असेल तर तो गेम तुम्हाला ८०चा वाटणारच नाही.

८ जीबी आता का अपुरी पडते, याचं कारण कन्सोलमध्ये आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १६ जीबी मेमरी प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून वापरतात. सुरुवातीची काही वर्षं गेम जुन्या कन्सोलसाठीही बनत होते, तेव्हा ८ जीबी आरामात पुरायची. जुने कन्सोल मागे पडल्यावर गेम बनवणाऱ्यांनी हात सैल सोडला.

माझं गणित असं आहे. १०८०पीवर नवीन मोठे गेम खेळायचे असतील तर ८ जीबी हा तळ समजा, आणि टेक्सचर एक पायरी खाली ठेवायची तयारी ठेवा. १४४०पीसाठी १२ किंवा जास्त. ४ आणि ६ जीबीची कार्डं फक्त हलक्या ऑनलाइन गेमसाठी किंवा जुन्या गेमसाठी. टेक्सचरची सेटिंग मेमरी खाते, वेग जवळजवळ खात नाही; म्हणून संथ पण भरपूर मेमरीच्या कार्डावर सावल्या, धुकं वगैरे कमी करून टेक्सचर वर ठेवता येतात आणि गेम देखणा दिसतो. उलट बाजूला हे जमत नाही.

मात्र नुसत्या जीबीवर भाळू नका. जीटी ७३०ची ४ जीबी डीडीआर३ आवृत्ती अनेकांच्या गळ्यात मारली गेली आहे. ती मेमरी भरून वापरावी असा गेम चालवण्याची त्या चिपची ताकदच नाही.

पायरी ४: नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा

एकाच नावाखाली वेगवेगळी कार्डं विकण्याची या धंद्यात जुनी सवय आहे, आणि फटका नेहमी खालच्या किमतीच्या गिऱ्हाइकाला बसतो. जीटीएक्स १०६०च्या ६ जीबी आवृत्तीत १२८० कोअर (चिपमधले हिशोब करणारे छोटे भाग) होते, ३ जीबीच्या आवृत्तीत ११५२, नाव तेच. जीटी १०३० आधी जीडीडीआर५ मेमरीसह आलं, तिचा वेग सेकंदाला ४८ जीबी. मग डीडीआर४ची आवृत्ती आली, वेग १६.८ जीबी. आरटीएक्स ३०६०च्या १२ जीबी आवृत्तीची मेमरी सेकंदाला ३६० जीबी देते, तर नंतर आलेली ८ जीबीची आवृत्ती २४०. मी वर सुचवलेलं ३०५०चं ६ जीबीचं मॉडेलही ८ जीबीच्या मॉडेलपेक्षा लहान आहे: कोअर २५६०वरून २३०४ आणि मेमरीची रुंदी १२८ बिटवरून ९६. विजेची वेगळी वायर लागत नाही म्हणून ते चांगलं आहे, पण ८ जीबीवाल्याच्या चाचण्या बघून ते घेऊ नका. आरएक्स ५८०च्या मागे '२०४८एसपी' असेल तर आत आरएक्स ५७०चेच कोअर असतात.

म्हणून विक्रेत्याच्या पानावरचं नाव वाचून थांबू नका. नेमक्या मॉडेलचं पान उत्पादकाच्या साइटवर उघडा आणि चार गोष्टी जुळवा: मेमरी किती व कोणत्या प्रकारची, तिची रुंदी किती बिट, कोअर किती, वॉट किती. लॅपटॉपच्या चिपची चाचणी डेस्कटॉपच्या कार्डाला लावू नका. नाव सारखं असलं तरी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी या २०२५च्या कार्डांत ८ आणि १६ जीबी असे दोन प्रकार आहेत. इथे चिप तीच आहे, फरक मेमरीचाच. किमतीतलं अंतर झेपत असेल तर १६ घ्या. या ताकदीच्या चिपला ८ जीबीत कोंडणं मला पटत नाही.

पायरी ५: एका फ्रेमची किंमत काढा

आता दोन-तीन उमेदवार उरले असतील. प्रत्येकाच्या, तुमच्या रिझोल्यूशनवरच्या, तुमच्या यादीतल्या गेमच्या चाचण्या शोधा. किमतीला सरासरी फ्रेमने भागा. समजा, एका कार्डाची किंमत १०० आहे आणि ते ६० फ्रेम देतं: एक फ्रेम १.६७ला पडली. दुसऱ्याची किंमत १३० आणि फ्रेम ८४: एक फ्रेम १.५५ला. दुसरं स्वस्त. पण त्यासाठी २५चा नवा पॉवर सप्लाय लागणार असेल तर खर्च १५५ होतो आणि फ्रेम १.८५ला पडते. निकाल उलटला. मशीनची तपासणी आधी करायची ती एवढ्यासाठीच.

हे गणित केलं की अगदी तळाची नवीन कार्डं महाग निघतात, कारण सर्किट बोर्ड, पंखा, खोकं, वाहतूक यांचा खर्च कार्ड कितीही किरकोळ असलं तरी फारसा कमी होत नाही. बजेट तिथपर्यंतच जात असेल तर थांबून पैसे साठवा, किंवा वापरलेलं कार्ड बघा.

चाचण्यांतले आकडे वाचताना दोन पथ्यं पाळा. चाचण्या सहसा सगळ्यात वेगवान प्रोसेसरवर घेतात, तेव्हा तुमचा आकडा कमीच येईल. आणि फ्रेम जनरेशन लावून काढलेला आकडा हिशोबात धरू नका. त्यात दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये अंदाजाने बनवलेल्या फ्रेम घुसवतात. चित्र मऊ हलतं, पण बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही, थोडा वाढतोच. मूळ वेग ६०च्या आसपास असेल तर ही सोय शोभते. मूळ ३० असेल तर खेळताना चिखलात चालल्यासारखं वाटतं.

अपस्केलिंगची गोष्ट वेगळी. डीएलएसएस, एफएसआर, एक्सईएसएस ही अनुक्रमे एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेलची तंत्रं लहान चित्र काढून ते मोठं करतात. १०८०पीवर क्वालिटी मोड लावला तर मूळ चित्र १२८० गुणिले ७२०चं असतं. इतक्या थोड्या माहितीवरून काम करताना तंत्राचा दर्जा उघडा पडतो. डीएलएसएस सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतं आणि १०८०पीवर जुन्या एफएसआरपेक्षा स्पष्टपणे सरस आहे. एफएसआर ४ने हे अंतर बरंच कापलं, पण एएमडीने ते आरएक्स ९००० मालिकेसाठी आणलं. म्हणून दोन कार्डं साधारण सारखी असतील तर हा मुद्दा निर्णायक धरायला हरकत नाही.

रे ट्रेसिंगसाठी, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशोब करून सावल्या-प्रतिबिंबं काढण्यासाठी, या बजेटमध्ये जास्तीचे पैसे मोजू नयेत. पण कार्डात त्याची हार्डवेअर सोय असावी, कारण काही गेम आता तिच्याशिवाय सुरूच होत नाहीत. डिसेंबर २०२४चा 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५चा 'डूम: द डार्क एजेस' हे त्यातले. जीटीएक्स नावाची सगळी कार्डं आणि आरएक्स ५००० मालिका इथे बाद होतात.

पायरी ६: वापरलेलं कार्ड

मोजक्या पैशांत सगळ्यात जास्त फ्रेम इथेच मिळतात. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या डिजिटल चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते चलन 'खणणं' बंद झालं; त्यानंतर अशी ढीगभर कार्डं बाजारात आली. खाणीतलं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड, हे खरं नाही. चिप वापराने संथ होत नाही. झिजतात ते पंखे, आणि सुकतात ते चिपची उष्णता वाहून नेणारे थर्मल पेस्ट व पॅड. ते बदलता येतात.

वयाचा मुद्दा मात्र आहे. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी एनव्हिडियाने नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५पर्यंतच ठेवले. पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. जुने गेम त्यांवर चालत राहतील, पण नव्या गेमसाठी आता ती घेऊ नयेत. १०८०पीसाठी मी आरएक्स ६६०० शोधीन: ८ जीबी, १३२ वॉट, एकच ८ पिनची वायर. मेमरी जास्त हवी तर १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०. १४४०पीसाठी आरएक्स ६७०० एक्सटी, १२ जीबी, पण त्याला २३० वॉट लागतात हे लक्षात ठेवा.

कार्ड चालू मशीनमध्ये बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आधी जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा छोटा प्रोग्रॅम चालवा. कार्डातला बायोस बदलून जीटीएक्स ५५० टीआयसारखी जुनी कार्डं १०५० टीआय म्हणून विकली गेली आहेत. ओळखीच्या बनावट कार्डांच्या नावापुढे हा प्रोग्रॅम 'फेक' असं दाखवतो. कोअर, मेमरी आणि रुंदीचे आकडे उत्पादकाच्या पानाशी जुळवा. मग पंधरा-वीस मिनिटं एखादा जड गेम किंवा युनिजिन सुपरपोझिशन हा चाचणीचा प्रोग्रॅम चालवा. स्क्रीनवर रंगीत ठिपके, पट्टे किंवा लुकलुकणारे त्रिकोण दिसले तर सौदा मोडा, ते मेमरी किंवा चिप खराब असल्याचं लक्षण आहे. चिपचं सरासरी तापमान आणि 'हॉट स्पॉट', म्हणजे तिच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं तापमान, यांत २५-३० अंशांचं अंतर असेल तर पेस्ट गेली आहे. तेवढ्यावर सौदा मोडू नका, भाव पाडा. पंख्यांचा खरखराट ऐका. मॉनिटरची केबल एकेका पोर्टमध्ये लावून बघा. वॉरंटी शिल्लक असेल तर सिरीयल नंबरवरून ती नव्या मालकाला चालते का, हे कंपनीच्या साइटवर आधीच बघून ठेवा.

नवीनच घ्यायचं असेल तर त्याच चिपच्या सगळ्यात स्वस्त दोन-पंखी मॉडेलवर खुशाल बोट ठेवा. १५०-१६० वॉटच्या चिपला तीन पंखे आणि रंगीत दिवे लागत नाहीत. 'ओसी' लिहिलेल्या, म्हणजे कारखान्यातूनच वेग वाढवलेल्या मॉडेलचा जास्तीचा वेग खेळताना कळणारही नाही. त्या पैशांत वरची चिप येते का ते बघा.

पायरी ७: बसवल्यावर

जुनं कार्ड दुसऱ्या कंपनीचं असेल तर डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रॅमने जुने ड्रायव्हर साफ करून मगच नवे घाला. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टमधून काढून कार्डाच्या पोर्टला लावा. हे विसरून "नवीन कार्ड संथ आहे" म्हणणारे दर वेळी भेटतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ हाताने निवडा, ते बऱ्याचदा ६०वरच अडकलेलं असतं. बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) आणि रिसाइजेबल बार चालू करा. फ्रेमची कमाल मर्यादा मॉनिटरच्या रिफ्रेश रेटच्या दोन-तीन खाली बांधली की फ्रीसिंक नीट चालतं आणि कार्ड विनाकारण तापत नाही.

परत करण्याची मुदत संपायच्या आत कार्डाला यादीतल्या सगळ्यात जड गेमवर दोन-तीन संध्याकाळी सलग पिदडून घ्या. जुनं कार्ड त्यानंतरच विका.